कागदावर ‘कंटॅमिनेटेड’ लिहून आलं, तर काय करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात, मारेगाव तालुक्यातल्या एका गावी इंग्रजी शिकवते. घरचं वावर आहे, पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर असते. गावात इंग्रजीत छापलेला कागद कुणाच्याही घरी आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. पाणी तपासणीचा अहवाल असतो, फवारणीच्या औषधासोबत येणारी घडीपत्रिका असते, नाहीतर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीच्या, फाटकावरच्या फलकाचा मोबाईलवर काढलेला फोटो असतो. “मॅडम, हे काय लिहून आहे?” म्हणत बायामाणसं येतात. आणि या सगळ्या कागदांवर एक शब्द हमखास भेटतो. कुठे तो कंटॅमिनेशन असतो, कुठे कंटॅमिनेटेड, कुठे कंटॅमिनंट.

शब्दकोश सांगतो, दूषित करणे. अर्थ बरोबरच आहे. पण तेवढ्यावरून घरातल्या बाईला कळत नाही की आज पाणी उकळायचं, की दुसऱ्या हापशीवर जायचं, की ग्रामपंचायतीत जाऊन बसायचं. म्हणून मी मुलांना आणि त्यांच्या आयांना हा शब्द एका ठरावीक रीतीने वाचायला शिकवते. शब्द दिसला की लगेच विचारायचं: काय शिरलं? कुठून शिरलं? किती शिरलं? आणि ही उत्तरं हातात आली की शेवटचं, ते काढता येतं का आणि कशाने? पाण्यात जंतू शिरले तर उपाय एक, पाण्यात नायट्रेट शिरलं तर उपाय अगदी वेगळा, आणि पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान होतं. म्हणून हा शब्द नुसता पाठ करून भागत नाही.

आधी शब्दाची बांधणी

कंटॅमिनेट हे क्रियापद. त्यातून शिरलेली वस्तू म्हणजे कंटॅमिनंट, शिरण्याची घटना म्हणजे कंटॅमिनेशन, आणि ज्यात शिरलं ते पाणी, कापूस किंवा कपडा म्हणजे कंटॅमिनेटेड. वाक्य वाचताना ‘विथ’ शोधा. ‘कंटॅमिनेटेड विथ नायट्रेट’ असं असेल तर विथच्या पुढे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बसलेलं असतं. ‘बाय’ किंवा ‘फ्रॉम’ असेल तर पुढे बहुतेक दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं, म्हणजे शौचालयाचा खड्डा, नाली, उकिरडा. तिसऱ्याचं उत्तर आकड्यात असतं आणि ते अहवालाच्या तक्त्यात शोधावं लागतं.

याच्या आसपासचे शब्द मुलं एकमेकांत गुंतवतात, म्हणून गावातलीच उदाहरणं देते. दुधात कुणी जाणूनबुजून पाणी घातलं तर ते अडल्टरेशन, आपल्या भाषेत भेसळ. त्यात नफ्याचा हेतू असतो. त्याच दुधात न धुतलेल्या कॅनमधून जंतू गेले तर कंटॅमिनेशन. हेतू कुणाचाच नसतो, पण दूध नासतं. वणीकडे कोळशाचे ट्रक जातात आणि रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर काळी धूळ बसते, ते पोल्युशन. हवा, नदी, जमीन असं मोठं काही बिघडतं तेव्हा हा शब्द येतो. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात वरच्या नंबरांत होतं, तिथेही शब्द पोल्युशनच होता. इम्प्युरिटी म्हणजे एखाद्या पदार्थातला दुसरा अंश, सोन्यातलं तांबं, मिठातली माती. आणि इन्फेक्शन होतं ते शरीराला. कंटॅमिनेटेड पाणी पिऊन पोराला इन्फेक्शन होतं, असं एक वाक्य पाठ करून घेतलं की दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

एका शब्दाबद्दल मात्र मी वर्गात थांबते. मुलं वहीत कंटॅमिनेटपुढे कधी कधी ‘विटाळणे’ असं लिहून आणतात. घरात ऐकलेला शब्द आहे, त्यांचा दोष नाही. पण तो मी खोडून घेते. विटाळ हा माणसाला माणसापासून, बाईला चुलीपासून दूर ठेवण्यासाठी धरलेला समज आहे, तो कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही. कंटॅमिनेशन मोजता येतं. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत आलेल्या लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्या स्पर्शाने पाण्यात काहीही शिरलं नव्हतं. पुढे तळं ‘शुद्ध’ करायचं म्हणून ज्यांनी त्यात घागरींनी शेण आणि गोमूत्र ओतलं, त्यांनी ते खरोखर कंटॅमिनेट केलं. हे उदाहरण दिलं की आठवीच्या मुलांना फरक जन्मभरासाठी कळतो. पाळी आलेली मुलगी पाण्याच्या गुंडाला हात लावते तेव्हा त्या पाण्यात काय शिरतं, हा प्रश्नही मी मुलींना याच तासाला विचारते. उत्तर त्या स्वतःच देतात.

पाण्याचा अहवाल

पावसाळा लागला की हे कागद सुरू होतात. पहिली गोष्ट, पाण्याच्या तपासण्या दोन तऱ्हेच्या असतात आणि त्यांचे कागदही वेगळे असतात. एक जंतूंची, म्हणजे बॅक्टेरिओलॉजिकल, आणि एक रासायनिक, म्हणजे केमिकल. हातात कुठला कागद आहे हे आधी बघा. एका कागदावर पाणी चांगलं निघालं म्हणून दुसऱ्यातही चांगलं असेल असं धरू नका.

जंतूंच्या कागदावर कोलिफॉर्म किंवा ई. कोलाय हे शब्द शोधा. यातला ई. कोलाय माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. ई. कोलाय पाण्यात सापडला म्हणजे विष्ठेचा अंश कुठून तरी पाण्यापर्यंत पोचला. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात हे जंतू अजिबात सापडता कामा नयेत. इथे ‘थोडंसं आहे, चालतं’ असं नसतं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात, फील्ड टेस्ट किटही देतात. त्यात एक छोटी बाटली असते, एचटूएसची. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि घरातल्या उबदार जागी दिवस-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर विष्ठेचे जंतू असण्याची मोठी शक्यता. आमच्या शाळेजवळच्या हापशीची बाटली एका पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखी काळी झाली होती. मग आम्ही हापशीपाशी जाऊन बसलो, कारण बाटली ‘काय’ सांगते, ‘कुठून’ ते सांगत नाही. ओटा चिरलेला होता. हापशीच्या पायथ्याशी बोट जाईल एवढी फट होती. सांडपाणी वाहून नेणारी नाली मातीने भरली होती, त्यामुळे पाणी ओट्याभोवती साचलं होतं आणि त्यातच बकऱ्या उभ्या होत्या. ते साचलेलं पाणी फटीतून सरळ खाली जात होतं. ओटा सिमेंटने बांधून घेतला, नाली उकरली, बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण केलं, बोअरमध्ये क्लोरीनचं द्रावण सोडलं आणि नंतर पुन्हा बाटली लावली. सगळ्या हापशांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच असते. म्हणून काळी बाटली दिसली की आधी ओटा, फट, नाली, आणि चढाच्या बाजूला कुणाचा शौचालयाचा खड्डा आहे का ते बघा. तेवढं झाल्यावरच पावडरीकडे वळा.

जंतूंवर उकळणं हा खरा उपाय आहे. पाणी खळखळ उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवा, झाकून थंड करा, आणि घ्यायला दांड्याचा ओगराळा वापरा. पेला बुडवला की हाताचे जंतू पुन्हा आत जातात.

विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर, जिला सगळे टीसीएल म्हणतात, तिचाही हिशेब असतो. मूठभर टाकली आणि झालं असं करू नका. चांगल्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीतलं पाणी काढायला व्यासाचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणा, मग 3.14 ने गुणून 4 ने भागा. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला 1000 ने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाची विहीर आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण 28,260 लिटर होतात, म्हणजे पावडर 70 ग्रॅमच्या आसपास. दहावीच्या मुलांना हे गणित घरच्या विहिरीवर करायला सांगा, त्यांना आवडतं. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली हलवा. संध्याकाळी पाणी भरणं संपल्यावर केलं तर रात्रभर वेळ मिळतो. निदान एक तास तरी ते पाणी काढू नका. सकाळी जलसुरक्षकाकडून, म्हणजे गावाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाकडून, ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करून घ्या. नळाच्या किंवा घरच्या माठातल्या पाण्याला या तपासणीत पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या घरापर्यंत लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं मानक सांगतं. ग्रामपंचायतीत पावडरीचं पोतं ओलीत, तोंड उघडं पडलेलं दिसलं तर सांगा. उघड्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग ती टाकली काय अन् न टाकली काय. आरोग्य खातं गावाच्या पाण्याला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं, आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे ग्रामसभेत विचारा. विचारायचा हक्क आहे.

आता रासायनिक कागद, आणि खरी गडबड इथेच होते. तक्त्यात एका रकान्यात पदार्थाचं नाव, दुसऱ्यात आपल्या पाण्यातला आकडा, तिसऱ्यात मानकातली मर्यादा असते. बोट ठेवून ओळीने वाचा. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. फ्लोराइड 1 पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात, त्यावर नाही. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 500 पर्यंत चांगले, पर्याय नसेल तर 2000 पर्यंत. ‘अॅक्सेप्टेबल’ आणि ‘पर्मिसिबल’ असे दोन रकाने दिसले तर गोंधळू नका. पहिला हवा तसा, दुसरा नाइलाजाचा.

नायट्रेट येतं ते बहुतेक आपल्याच हाताने. जास्तीचा युरिया, विहिरीलगतचा उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, गुरांच्या कोठ्यातलं मूत. हे सगळं पावसाच्या पाण्यासोबत खाली झिरपतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असं पाणी वरच्या दुधात मिसळून दिलं तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही, बाळाचे ओठ आणि नखं निळी पडतात. अशा वेळी घरची मोठी माणसं कळवळून म्हणतात, “उकळून पाजा ना बाई.” नाही. नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहतं, आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. फ्लोराइडचंही तेच. हे एक वाक्य मी प्रत्येक आईला दोनदा सांगते, कारण उकळलं की सगळं शुद्ध होतं हे आपल्या मनात फार खोल बसलं आहे. बाळ लहान असेल तर अंगावरचं दूध, आणि लागलंच तर दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचं पाणी.

फ्लोराइडमध्ये मात्र दोष कुणाचाच नाही. ते खडकातून येतं. आमच्या यवतमाळच्या पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या भागांत आणि चंद्रपूर जिल्ह्यात फ्लोराइडची गावं आहेत. इंग्रजीत त्याला जिओजेनिक कंटॅमिनेशन म्हणतात, म्हणजे भूगर्भातूनच आलेलं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातला खारेपणाही असाच जमिनीतून आलेला. शाळेत एका बाकावरच्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसले तर मी त्यांना दात घासायला सांगत नाही, घासून ते जात नाहीत. मी विचारते, पाणी कुठल्या हापशीचं पिता? बहुतेक वेळा सगळ्यांची हापशी एकच निघते. दात घडत असतानाच्या वयात हे पाणी पोटात गेलं की डाग कायमचे, आणि बरीच वर्षं जास्त फ्लोराइड गेलं तर हाडं आखडतात, कंबर वाकते.

अशा हापशीवर लाल रंगाची खूण करून ती वापरायला, म्हणजे धुणी-भांडी, जनावरांना आंघोळ, यासाठी ठेवावी आणि पिण्याचं पाणी दुसरीकडून आणावं. साधी उघडी विहीर पुष्कळदा बोअरपेक्षा कमी फ्लोराइडची निघते, पण अंदाजावर जाऊ नका, तपासा. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत बसवली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. ती गावपातळीवर माहीतगाराच्या देखरेखीखाली करावी, घरी अंदाजाने तुरटी फिरवून फ्लोराइड जात नाही. आरओचं मशीन नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही बरंच कमी करतं. गावात आरओचा प्लांट असेल तर त्याच्या पाण्याचीही वर्षातून तपासणी मागा.

नमुना नेताना एवढं सांभाळा. जंतूंसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्यायची, ती आतून विसळायची नाही, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, थोडी रिकामी जागा ठेवायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीसाठी मात्र कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायची. दोन्ही रीती एकमेकींच्या उलट आहेत, आणि उलटसुलट झालं की अहवाल खोटा येतो.

फवारणीच्या डब्यावर

ऑगस्टपासून हा शब्द औषधाच्या घडीपत्रिकेवर भेटतो: ‘रिमूव्ह कंटॅमिनेटेड क्लोदिंग’. म्हणजे ज्या कपड्यावर औषध पडलं तो कपडा ताबडतोब अंगावरून काढा. यात ‘ताबडतोब’ फार महत्त्वाचं. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मी हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून घरी पाठवते.

विष तोंडानेच जातं असं नाही, कातडीतूनही जातं, आणि ओला सदरा ते कातडीला चिकटवून ठेवतो. पंप गळतो, पाठ भिजते, माणूस म्हणतो एवढी ओळ संपवून टाकू. ओळ राहू द्या. सदरा काढा, अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा. घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं, श्वास लागणं, यातलं काही दिसलं तर 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा पत्रिका दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना विषाचं नाव तिथूनच कळतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची घाई करू नका. डब्यावरचा तिकोन बघायला शिका: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही.

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, लेकराच्या दुपट्यासोबत तर कधीच नाही. ते धुणारी बाई बहुतेक घरची असते, तिने हातमोजे घालावेत. पंप विहिरीवर किंवा हापशीवर धुऊ नका, धुण्याचं पाणी वावरातच जिरवा. नाहीतर वर सांगितलेला रासायनिक कागद पुढच्या वर्षी आपलाच येईल.

कापसात

दिवाळीच्या सुमारास हा शब्द जिनिंगवर दिसतो, आणि तिथे त्याचा अर्थ एकदम बारीक आहे. कापसात पाला, पत्ती, बोंडाची टरफलं आली तर त्याला ट्रॅश म्हणतात. ती पऱ्हाटीचीच वस्तू, बरीचशी यंत्रात झडते. कंटॅमिनेशन म्हणजे पऱ्हाटीचं नसलेलं: केस, कोंबडीचं पीस, सुतळी, कापडाची चिंधी, प्लास्टिक, आणि आपल्याकडे विशेषतः खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी. ओलावा हा तिसराच मुद्दा, त्याला मॉइश्चर म्हणतात. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत 8 ते 12 टक्क्यांपर्यंतचा कापूस घेतात, त्यावरचा परत येतो. म्हणून फलकावर तीन शब्द असतील तर ते तीन वेगवेगळे आहेत, एकच समजू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे खताच्या रिकाम्या पोत्याचा धागा. एक पोतं हातात घेऊन त्याची कड बघा. कापलेल्या काठावर पांढऱ्या चकचकीत पट्ट्या सुटलेल्या असतात, नख लावलं की त्यांचे आणखी बारीक तंतू होतात. त्यात कापूस दाबून भरला की हे तंतू कापसात जातात. पांढऱ्यात पांढरं, कुणाला दिसत नाही. जिनिंगमधून रुईत, रुईतून सुतात, सुतातून कापडात जातात. आणि कापड रंगवलं की प्लास्टिक रंग धरत नाही, म्हणून निळ्या कापडावर पांढरा ठिपका उमटतो. तोवर थान विणून झालेलं असतं. सूतगिरण्या बाया लावून रुई निवडतात, कॅमेऱ्याची यंत्रं बसवतात, तरी काही सुटतंच.

टाळायचं कसं? दव उडाल्यावर वेचा. डोक्याला सुती दुपट्टा घट्ट बांधा. वेचलेला कापूस धरायची ओटी सुती कापडाची. कवडी, म्हणजे किडका-खराब कापूस, आणि चांगला कापूस वेचतानाच वेगळा. खर्रा खाणाऱ्याने पन्नी खिशात घालावी, आणि हे वेचणाऱ्या बायांना नव्हे, ओळी मोजत फिरणाऱ्या पुरुषांना सांगावं लागतं. घरी कापूस ठेवलेल्या खोलीत कोंबड्या, मांजर, कुत्रं शिरू देऊ नका. कापसाचा ढीग उबदार असतो, ती तिथेच झोपतात. पोतं वापरायचं तर सुती वापरा, नाहीतर कापूस मोकळाच गाडीत भरून सुती चादरीने झाका.

शेतकरी विचारतात, एवढं केल्याने भाव वाढून मिळतो का? बहुतेक वेळा नाही. आपला स्वच्छ कापूस जिनिंगच्या ढिगात सगळ्यांच्या कापसात मिसळून जातो. मला हा अन्याय वाटतो, आणि स्वच्छ कापसाला वेगळा ढीग आणि वेगळा भाव मिळाला पाहिजे असं मी ग्रामसभेतही बोलते. गावातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गाडीभर स्वच्छ कापूस सोबत नेला, तर निदान भाव करताना बोलायला जागा राहते.

ढेपेत आणि दुधात

ही शेवटची जागा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण इथे कंटॅमिनंट डोळ्याला दिसतच नाही. सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेलं जनावरांचं खाद्य, ओलीत राहिली की तिच्यावर बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. गाईने ती ढेप खाल्ली की त्यातला काही भाग दुधात उतरतो, आणि दूध तापवून तो जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाचाही अर्धा. हे विष यकृताला घातक आहे, आणि घरात सगळ्यात जास्त दूध लेकरंच पितात.

ढेपेचं पोतं भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हात जाईल एवढं अंतर सोडा. एका वेळी महिनाभर पुरेल एवढीच घ्या. विकत घेताना पोत्यात हात खोल घालून बघा, आतून गरम, दमट किंवा कुबट लागली तर घेऊ नका. हिरवट-काळे डाग आलेला तुकडा मोडून उरलेला भाग चारू नका, कारण विष डागापुरतं थांबत नाही. उन्हात वाळवूनही ते पुरतं जात नाही, फक्त नवी बुरशी थांबते. अशी ढेप कोंबड्यांना किंवा बकऱ्यांनाही टाकू नका. कोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा करून पुरा.